दुसऱ्यांच्या लेकींचा मुराळी

आधी माफी मागतो. माणसांवर लिहिणं हे जाणत्या लेखकांचं काम. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. वडील जळगावला डाळमिलमध्ये कामाला, आईला सहीपुरती अक्षरं येतात. आमच्याकडे माणसांबद्दल ओट्यावर बसून बोलतात, कागदावर कोणी लिहीत नाही. पण आमच्या कॉलनीतल्या नानांबद्दल ओट्यावर जे बोललं जातं ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मी गाडीत ऐकलं, थोडं डोळ्यांनी पाहिलं. म्हणून धीर करतोय. कुठे शब्द चुकला तर माझ्या पदरात घाला, नानांच्या नको.

फोन वाजला की नाना तो कानाला लावायचे नाहीत. तोंडासमोर आरशासारखा धरायचे आणि रेल्वेच्या डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "येस!"

पलीकडून काहीतरी विचारलं जायचं. नाना पुन्हा, "हा हा, येस." मग थोडं थांबून, "आते येस ना, माय. काळजी नको करू." फोन बंद.

डब्यातली कॉलेजची पोरं याचीच वाट पाहत असायची. एक जण म्हणायचा, "नानांचं इंग्लिश लई फाड फाड शे, भो." दुसरा म्हणायचा, "नाना, कधी नो बी म्हना ना!"

नाना टोपी सरळ करत म्हणायचे, "मुराळी नो म्हनत नही रे."

आता तुम्ही खानदेशाबाहेरचे असाल तर तुम्हाला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक म्हणजे हे 'येस' इंग्रजी नाही. आमच्या बोलीत येतो म्हणायचं तर 'येस' म्हणतात. दुसरं म्हणजे मुराळी. आखाजीच्या सणाला, तुम्ही ज्याला अक्षय्यतृतीया म्हणता, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. पण लेक एकटी येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो. भाऊ, बाप, चुलता, कोणीही. तो मुराळी. तो दारात आला म्हणजे सासरच्या पाच माणसांत कळतं की या पोरीची वाट पाहणारं घर आहे. मुराळी आला नाही तर ती येत नाही. सासू अडवते म्हणून नाही. तिचीच मान खाली जाते म्हणून.

आम्ही पिंप्राळ्यात राहतो. आमच्या कॉलनीतले भाऊ लोक कोणी पाइपाच्या कंपनीत, कोणी ठिबकच्या, कोणी सोन्याच्या दुकानात. आखाजीला सुटी मागितली तर साहेब म्हणतो, हा कुठला सण? मग पोरीच्या आया नानांकडे जायच्या. नाना कंपनीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, दोन खोल्यांत एकटेच. "नाना, आमच्या पोरीला घेऊन याल का?" एवढं म्हणायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पांढरा सदरा घालून मेमूला हजर.

मेमू म्हणजे आमची विजेवरची गाडी. तिला वेगळं इंजिन नसतं, दोन्ही टोकांना तोंड. मधल्या मधल्या स्टेशनांवर थांबत जाते. पाळधी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा. मला जळगावच्या कॉलेजात नंबर लागला नाही म्हणून मी अमळनेरला अप-डाऊन करत होतो. सकाळी जाताना नाना भेटायचे ते एकटे. संध्याकाळी अमळनेरहून मी चढलो की नानांच्या शेजारी खिडकीत एक लेक बसलेली असायची.

नानांची मुराळीपणाची एक रीत होती. सासरच्या घरी गेल्यावर ते लगेच बसायचे नाहीत. लेक पाणी घेऊन येईपर्यंत उभेच. म्हणायचे, "तांब्या कसा ठेवस ते पाहानं पडस." तांब्या हलका ठेवला तर सगळं बरं. दणकन ठेवला तर दमलेली आहे. आणि हातातून हातात दिला, सोडलाच नाही लवकर, तर काहीतरी आहे. जेवायला बसले की पुरणाच्या मांड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या पुरणपोळीची, तारीफ करायची, ती मात्र विहीणबाईंकडे बघून, लेकीकडे नाही. "याहीनबाई, असा मांडा आख्ख्या जळगावमा नही." यावर कुठलीही विहीण विरघळते. त्या विरघळल्या की नाना हळूच म्हणायचे, "मंग पंधरा दिवस ठेवू ना पोरीले?"

परतीच्या गाडीत लेकीला खिडकी. काहीही विचारायचं नाही. "नरडाणा जाऊ दे," नाना मला सांगायचे. "तठपावत सासरनं कोनी ना कोनी वळखीनं चढस. नरडाणा गया का लेक आपोआप बोलस." आणि खरंच, मी अमळनेरला चढायचो तोपर्यंत ती लेक चप्पल काढून, पाय वर घेऊन, शेंगा खात खिदळत असायची. आमच्या शेजारची एक तर मला पाहून म्हणाली, "काय रे, कॉलेजमा जास का पोरी पाहाले जास?" लग्नाआधी ही माझ्याशी कधी दोन शब्द बोलली नव्हती.

"इतक्या पोरी आणता, नाना, कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"बठ्ठ्या लेकी आपल्याच शेतस," नाना म्हणाले.

सगळ्या लेकी आपल्याच, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. घरी जाऊन मी ते वाक्य आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "बठ्ठ्या आपल्या. आणि स्वतःची?"

तेव्हा मला कळलं की नानांना लेक आहे. एकुलती एक, शिंदखेड्याला दिलेली. म्हणजे याच गाडीच्या रस्त्यावर. नाना दोंडाईचाची, नंदुरबारची लेक आणायला जाताना तिच्या गावावरूनच जायचे, येताना तिच्या गावावरूनच यायचे. आणि लग्नानंतर ती एकाही आखाजीला माहेरी आलेली नव्हती. शेजारच्या त्या मुलीने आईला सांगितलं होतं की शिंदखेडा आलं की नाना जागेवरून उठतात, प्लॅटफॉर्म नसलेल्या बाजूच्या दाराशी जाऊन उभे राहतात. गाडी सुटली की परत येऊन बसतात.

मी विचारणार नव्हतो. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला काय विचारायचं असतं हे मला अजूनही नीट कळत नाही. पण दुसऱ्या वर्षी एका दुपारी आमची रखडलेली सकाळची गाडी पाळधीला बाजूला काढून ठेवली होती, मागून एक्सप्रेस यायची होती. उन्हाने खिडकीचे गज हात लावू देत नव्हते. डब्यात आम्ही चार-सहा जण. नाना आपणहून म्हणाले, "तुम्हना कॉलेजमा बोली शिकाडतस का रे?"

"थोडी शिकवतात, नाना."

"मंग सांग. 'येस' म्हंजे काय?"

मी म्हणालो, "येतो."

"कोन येस?"

त्या क्षणी मला त्यांचं म्हणणं कळलं नाही. ज्यांना आमची बोली येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मराठीत मी येतो, तू येतोस किंवा येतेस, तो येतो, ती येते, असं शब्दावरूनच कळतं. आमच्या बोलीत मी येस, तू येस, तो येस, ती येस. 'मी' किंवा 'तू' म्हटलं नाही तर येणारा कोण ते समजून घ्यायचं. आणि घरची माणसं 'मी', 'तू' कशाला म्हणतील?

मग नानांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला मुराळी गेलाच पाहिजे, हे नानांइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्याच दिवशी कॉलनीतल्या एका विधवा बाईची लेक दोंडाईचाहून आणायची होती. तिला भाऊ नव्हता. नानांनी हिशेब केला. सकाळी दोंडाईचाला जाऊ, संध्याकाळच्या गाडीने तिला घेऊन निघू, वाटेत शिंदखेड्याला आपली लेक गाडीत चढेल, दोघींना घेऊन घरी. आपली आहे, समजून घेईल. सकाळी जाता जाता गाडीतूनच त्यांनी तिला फोन लावला. गाडी बेटावदजवळ पांझरेच्या पुलावर आलेली, आवाज तुटत होता. नाना ओरडून म्हणाले, "माय, संध्याकायनी गाडीले येस ना मंग! तयार ऱ्हाय!"

ती म्हणाली, "हा नाना." फोन कट झाला.

नाना म्हणत होते, तू ये. लेकीने ऐकलं, मी येतो.

तिच्या घरी मुराळ्याचा स्वयंपाक झाला. मांडे, आमरस, सगळं. सासू स्वतः चुलीशी बसली होती. सून पिशवी भरून, नवं लुगडं नेसून, दाराकडे डोळे लावून. आणि नाना गाडीच्या दारात उभे, प्लॅटफॉर्मवर लेक शोधतायत. गाडी थांबली. लेक नाही. नानांनी दोनदा हाका मारल्या. गाडी सुटली.

"माले वाटनं, सासूनी धाडं नही," नाना म्हणाले. "किंवा तिलेच येवानं नसीन. राग उना. मी बी फोन करा नही."

आणि तिकडे त्या गाडीतून उतरलेला गावातला एक जण दारावरून जाता जाता म्हणाला, "तुना बाप तं गाडीमा व्हता ना. कोनी दुसरी पोर लई चालना व्हता."

बाप दुसऱ्याच पोरीला घेऊन गेला, हे ऐकून तिनेही फोन केला नाही. सासूने मांडे शेजारी वाटून टाकले आणि वर्षभर त्यावर बोलत राहिली. नानांना खरी गोष्ट कळली ती पुढच्या आखाजीच्या तोंडावर, तिकडच्याच एका बाईकडून. लेकीचा निरोपही तिच्याकडूनच आला. भांडण नव्हतं त्यात. एवढंच की, नानांनी घरी यावं, पाच माणसांत बसावं, काय झालं ते आपल्या तोंडाने सांगावं. मग ती येईल.

"मग गेला का नाहीत, नाना? फोन तरी करायचा."

"फोनवरच तं बिघडनं. आते परत फोनवर काय बोलू?"

"पण तुमची चूक तर नव्हतीच."

"चूक मनी बी नही, तिनी बी नही. बोलीनी शे." ते हसले. पण बाजूने एक्सप्रेस धडधडत गेली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं आणि ती पूर्ण जाईपर्यंत तिकडेच बघत राहिले.

तिसऱ्या वर्षी माझे पेपर आखाजीच्या आधीच संपले. आदल्या दिवशी नाना घरी आले. ओट्यावर बसले नाहीत, दारातच उभे. म्हणाले, "उद्या चाल मनासंगे. शिंदखेडाले उतरानं शे. शिकेल माणूस संगे ऱ्हायना म्हंजे याहीनबाई जरा धीरे बोलस."

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिला एवढा आनंद झाला की तिने रात्रीच सांजोऱ्या करून पिशवीत भरल्या. आमचे वडील कधी कोणाला काही म्हणत नाहीत, पण ते म्हणाले, "नाना, डायरेक उतरी पडा. इचार करू नका."

सकाळी नाना नव्या सदऱ्यात. पिशवीत आंबे, लेकीसाठी लुगडं, आईच्या सांजोऱ्या. धरणगावपर्यंत ते छान बोलत होते. अमळनेर गेल्यावर बोलणं बदललं.

"याहीनबाईले काय म्हनू? चूक व्हयनी म्हनू, का बोलामा फरक पडना म्हनू?"

"चूक झाली म्हणा, नाना. संपून जाईल."

"चूक म्हनू तं बठ्ठी मनावरच येस."

"मग फरक पडला म्हणा."

"हा. फरक म्हनं तं निम्मी निम्मी." जरा वेळाने, "पन ती म्हनी, कसाना फरक? मंग?"

नरडाण्यापर्यंत आम्ही फरक आणि चूक यांतच होतो. बाहेर कापसाची रिकामी शेतं, धुळीच्या वावटळी. समोर बसलेल्या एका बाबांनी सगळं ऐकून शेवटी सल्ला दिला, "काहीच नका म्हनू. आंबा पुढे करी द्या." डब्यातले सगळे हसले. नानाही हसले, पण त्यांच्या हातातली पिशवी मांडीवरून खाली आणि खालून मांडीवर होत होती.

शिंदखेडा आलं. मी आंब्यांची पिशवी घेऊन पुढे झालो आणि खाली उतरलो. मागे वळून पाहिलं तर नाना दारात. खालून दोन बायका पोरंबाळं घेऊन चढत होत्या. नाना बाजूला सरकले. "चढी जाऊ दे, पोरी शेतस." त्या चढल्या. मग एक म्हातारी. तिचं बोचकं नानांनी स्वतः वर घेतलं. मग कोणीच नव्हतं. दार मोकळं होतं. नाना उभे होते. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. मी म्हणालो, "नाना, चला."

ते गावाकडे बघत होते.

आमच्या या विजेच्या गाडीचं एक आहे. ती हिसका देत नाही. कधी सुटली ते कळत नाही. मला प्लॅटफॉर्मच मागे सरकतोय असं वाटलं. मी दोन पावलं धावलो आणि तेवढ्यात नानांनी वाकून माझ्या दंडाला धरलं आणि एका झटक्यात मला पिशवीसकट आत ओढलं. सत्तरीचा माणूस. इतकी चपळाई मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती.

"पहिली गाडी हिसका मारे, शिट्टी मारे," जागेवर बसत नाना म्हणाले. "माणूसले कळे, आते उतरनं पडस. हाई गाडी काहीच सांगत नही."

"हो नाना," मी म्हणालो. दंडावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

दोंडाईचाला उतरून आम्ही परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो. सांजोऱ्या त्यांनी मला खायला लावल्या, स्वतः एक खाल्ली. संध्याकाळी गाडी पुन्हा शिंदखेड्याला थांबली तेव्हा नाना खिडकीला डोकं टेकवून झोपलेले होते. मी हाक मारायला तोंड उघडलं. पण त्यांच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या. तुम्हीही कोणाला असं झोपलेलं पाहिलं असेल. अशा माणसाला हाक मारता येत नाही.

पुढे मला धुळ्याला प्रवेश मिळाला. तिथे वसतिगृहात राहायला आलो, अप-डाऊन सुटलं. धुळ्याहून घरी जायचं तर बसने. मेमू राहिली तिकडे. आईच्या फोनवर नानांची खबर मिळायची. कोणाकोणाच्या लेकी आणल्या, गुडघे दुखतात, यंदा एका पोरीचा नवराच तिला मोटारसायकलवर सोडून गेला म्हणून नाना रागावले. एकदा आई म्हणाली, आता पोरी एकट्याच येतात गाडीने, नानांना कोणी सांगत नाही फारसं. मी म्हणालो, बरं आहे, त्यांना आराम. आई म्हणाली, आराम कुठला, सकाळी सदरा घालून ओट्यावर बसलेले असतात.

मागच्या महिन्यात आईचा फोन आला. आधी वडिलांच्या खोकल्याचं बोलली, मग नळाला पाणी येत नाही त्याचं. मग म्हणाली, "नानांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं."

आई सांगत राहिली. शेजारच्यांनी लेकीला कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती आली. एकटी. कोणी आणायला गेलं नव्हतं. दवाखान्यातून सोडल्यावर म्हणाली, मी यांना शिंदखेड्याला नेते. कॉलनीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, बापाने लेकीच्या घरी राहायचं नसतं, तिथलं पाणी सुद्धा पीत नाहीत. ती म्हणाली, "मी मुराळी बनीसन उनी शे. मुराळीले रिकामा धाडतस का?" मुराळी होऊन आलेलीला रिकामं कोण पाठवणार? म्हाताऱ्या बाजूला झाल्या.

आमचे वडील सोबत गेले होते. शिंदखेड्याला नानांना खुर्चीसकट उतरवायला वेळ लागला. गार्डने गाडी थांबवून धरली. खाली सावलीत बसवल्यावर नाना सारखं काहीतरी सांगायला बघत होते. तोंडातून आवाज यायचा, शब्द व्हायचा नाही. शेवटी वडिलांना राहवलं नाही. त्यांनीच लेकीला सांगितलं, बाई, त्या आखाजीला तुझे वडील तुझ्याचसाठी दारात उभे होते, बोलण्यात फरक पडला होता.

"मग? ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, माले ठाऊक व्हतं. तवयच कळनं व्हतं. नानासनी एकदाव घर येईसन सांगाले पाहिजे व्हतं, बस." आई थांबली. "रोज त्यांच्याजवळ बसते म्हणे ती, कामं आटोपली की. त्यांना काय सांगायचंय त्याची वाट पाहते, त्यांना हवा तेवढा वेळ. डॉक्टरांनी सांगितलंय, आता बोलता येणार नाही."